शेवंतीचे भाऊ

सरकारी नोकरी म्हणून तर शेवंतीच्या बापाने दत्तारामला मुलगी दिली. सरकारी मंडळाचा लाकडी सामानाचा कारखाना, बुडणार कसा? बुडाला नाहीच मेला, नुसता बंद झाला. शहाऐंशीच्या गणपतीनंतर गेटला कुलूप लागलं आणि साहेब म्हणाले, "तात्पुरती बिनपगारी रजा. वरून हुकूम आला की बोलावतो." वरचे झोपले होते की काय देव जाणे, हुकूम काही येईना. घरमालकाने मात्र रजा घेतली नव्हती. त्याला भाडं महिन्याच्या महिन्याला हवंच.

घाटकोपरला भटवाडीतली ती एक खोली हातची गेली असती, तर दत्तारामला मुंबईत पुन्हा खोली मिळाली नसती. म्हणून त्याने शेवंतीला आणि चिमुरड्या मीराला गावी, खेडला धाडलं आणि खोलीत दोन माणसं ठेवली. भीमराज आणि नंदकिशोर, दोघं साबणाच्या कंपनीत कामाला. पोटभाडेकरू ठेवलेत हे मालकाला कळलं तर गाशा गुंडाळावा लागणार, म्हणून त्याने चाळभर सांगितलं, "शेवंतीचे भाऊ आलेत." एकाची बोली जालन्याची, दुसऱ्याची नागपूरची. कोकणातले भाऊ म्हणे! पण चाळीने कानाडोळा केला. तिसरं अंथरूण खोलीत मावेना, मग दत्ताराम गॅलरीत झोपू लागला.

माणसं वाईट नव्हती हो. जेवायच्या वेळी भीमराज आतून हाक मारायचा, "या ना दादा, बसा. लाजू नका." स्वतःच्याच घरात! दत्ताराम दोन घास खाऊन उठायचा. मीराची आठवण आली की तो खाली नळावर जाऊन तोंड धुवायचा. बोलायचं तरी कुणाशी?

एका रविवारी मालकाचा भाडं वसूल करणारा मेहता दारात हजर. कुणीतरी चुगली केली होती.

"मेव्हणे इथे, मग बायको कुठे रे?"

दत्ताराम ततपप करतोय, तेवढ्यात जिन्यावरून शेवंती आली. मेहत्याचं बोलणं जिन्यातच तिच्या कानी पडलं होतं. कडेवर मीरा, हातात पत्र्याची ट्रंक. करमेना म्हणून न कळवताच आली होती बिचारी.

मेहता वळला. "बाई, हे दोघं कोण?"

शेवंतीने आत पाहिलं. तिच्या स्टोव्हपाशी एक परका पुरुष चहा गाळत होता, दुसरा तिच्या गादीवर लोळत होता. दत्तारामचा जीव टांगणीला लागला. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरला.

"भाऊ माझे. का?" मग आत बघून ओरडली, "ऊठ रे मेल्या! ताई दारात उभी आणि लोळतोस काय?"

नंदकिशोर ताडकन उठला. मेहता पुटपुटत निघून गेला.

खोली वाचली. भीमराज म्हणाला, "ताई, तुम्ही राहा. आम्ही झोपतो गॅलरीत."

शेवंतीने मनातल्या मनात हिशेब मांडला. भाडं देऊन गॅलरीत कोण किती दिवस झोपणार? आज ना उद्या ते दुसरी जागा बघतील, आणि मग भाडं कुठून आणायचं? तिने चौघांसाठी भात टाकला, मीराला भरवलं आणि ट्रंक न उघडताच पुन्हा उचलली.

"अगो, आजची रात तरी..." दत्ताराम म्हणाला.

"राहिले तर पाय निघायचा नाही माझा. चला."

कुर्ल्याच्या एसटी डेपोत खेडची गाडी लागलेलीच होती. शेवंती खिडकीशी बसली. खिडकीखालून दत्ताराम म्हणाला, "सांभाळून जा."

गाडी सुरू झाली तशी मीराने आईला विचारलं, "आये, बाबा अजून किती दिवस मामांच्या घरी राहणार?"