एका हाताने भरलेली पिशवी

सरांनी उभा जन्म एकाच तत्त्वज्ञापायी घालवला. भाषेवाचून विचार नाही आणि विचारावाचून जग नाही, हे त्याचं म्हणणं सर वर्गात इतक्या ठसक्यात सांगत, की मागच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा माना डोलवत. तो तत्त्वज्ञ कधीचा मातीला मिळाला होता, पण सरांच्या घरात अजून त्याचाच शब्द चाले.

मग बायकोला झटका आला. तिचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, ती परत आलीच नाही.

रविवारी लेक आली. जेवताना, बायकोच्या समोरच, सरांनी विषय काढला. "माझ्याच्याने आता होत नाही. तिला शुश्रूषागृहात ठेवू या."

"बाबा, आईसमोर नको ना," लेक कुजबुजली.

"अगं, शब्दच उरले नाहीत तिथे विचार कुठला? तिला काय कळतंय." सर वर्गातल्यासारखंच बोलले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली. बायको खाली मान घालून ताटातलं अन्न चिवडत राहिली.

सोमवारी सर कॉलेजातून परतले, तर ती दाराशी खुर्चीत बसलेली. अंगात स्वेटर होता, एका हाताने लावलेली त्याची बटणं सगळी एकेक घर चुकली होती. मांडीवरच्या पिशवीत कंगवा, चष्म्याचं घर आणि दोन गाऊन होते. घराची किल्ली तिने सरांच्या उघड्या पुस्तकावर ठेवली होती.

सर उंबऱ्यातच उभे राहिले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे बोट दाखवलं.