गप्प माणसाची फीत

"बाबा, उठा आता. सराव संपला."

सासरे काही उठेनात. हॉस्पिटलच्या अंगणात सतरंजीवर ते हातपाय ताणून पडले होते, आणि त्यांच्या मनगटावर मोठ्या डॉक्टरांनी स्वतः काळी फीत बांधली होती. काळी म्हणजे माणूस गेला.

"मेलेला माणूस उठत नाही, सूनबाई," ते डोळे मिटूनच म्हणाले.

सगळं अंगण हसलं. सुनेला मात्र हसू येईना. ती इथली जुनी सिस्टर. मोठा अपघात झाला तर दारात उभं राहून कुणाला आधी आत घ्यायचं, हे तिने ठरवायचं होतं. लाल फीत म्हणजे ताबडतोब आत, पिवळी म्हणजे थोडा थांबेल, हिरवी म्हणजे आपल्या पायांनी चालेल. आज त्याचीच रंगीत तालीम होती आणि गल्लीतली रिकामी मंडळी खोटे जखमी होऊन आली होती. सासऱ्यांचा उभा जन्म हौशी नाटकांत गेलेला. त्यांना आरडाओरड्याची भूमिका हवी होती. वाट्याला आला पोटात रक्तस्राव झालेला, गप्प पडलेला माणूस. आणि सून त्यांना ओलांडून सरळ पुढे गेली. घरी रोज लागतो तसा म्हाताऱ्याचा डोळा लागला असेल, असं तिला वाटलं. पलीकडे धोब्याची बायको हात मोडल्याचं सोंग घेऊन आकाशपाताळ एक करत होती, तिच्याकडे ही धावली. तोवर इकडे तपासायला कुणी न आल्याने सासरे 'गेले'.

"मी झोपलो नव्हतो," घरी परतताना सासरे म्हणाले. "मी मरत होतो. आणि चांगला मरत होतो."

जेवताना नवऱ्याने बापाला विचारलं, "मेल्यावर एवढी भूक लागते होय?" तेही हसण्यावारी गेलं. मागची आवराआवर करताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, उद्या डॉक्टरांना सांगते, दारात दुसऱ्या कुणाला तरी उभं करा म्हणून. आज तुम्ही होतात म्हणून सगळे हसले. उद्या खरंच कुणाचा तरी बाप असेल."

सासऱ्यांनी हातातली ताटली पुसून ठेवली. "अगं, चुकलीस ती घरच्या माणसावर चुकलीस. इतक्या स्वस्तात चूक कुणाला मिळते? आता ती वाया घालवू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारबुवांनी तिला सळो की पळो करून सोडलं. कधी सोफ्यावर, कधी मोरीच्या दाराशी निपचित पडायचे. एकदा जिन्यात पडले, तर शेजारीण रडायलाच लागली. प्रत्येक वेळी सुनेने हातातलं काम टाकून यायचं, श्वास बघायचा, नाडी बघायची, बोटाचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं तर ठीक. रेंगाळलं तर लाल फीत. वैताग होता, पण तिने हॉस्पिटलच्या दारातली जागा सोडली नाही.

आणि एका सकाळी खेळाच्या मैदानावरची प्रेक्षकांची गॅलरी कोसळली. हॉस्पिटलच्या दारात गाड्यांमागून गाड्या आल्या. लोक ओरडत होते, कुणी तिचा पदर ओढत होतं, एकाने तर शिव्याच घातल्या. मग तिने ठरवून आवाजाकडे पाठ केली आणि गप्प कोण आहे ते शोधलं.

भिंतीला टेकून एक बाई बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"मला काही नाही झालं हो," बाई पुटपुटली. "आधी त्यांना बघा."

सिस्टरने तिचं नख दाबून सोडलं. गुलाबी रंग येईच ना. मनगटाला नाडीही लागेना.

"लाल," ती म्हणाली. "हिला आधी घ्या."

संध्याकाळी मोठे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले. "पोटात रक्त साठलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती," एवढंच बोलून ते पाणी प्यायला गेले. सगळेच काही वाचले नव्हते. दोन काळ्या फिती तिने स्वतः बांधल्या होत्या, आणि त्या दोघांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

घरी आली तेव्हा सासरे आरामखुर्चीत निपचित. आज सोंग की झोप, कळेना. चपलाही न काढता ती त्यांच्यापाशी बसली आणि त्यांचं जाड, पिवळट नख दाबून सोडलं. गुलाबी रंग पटकन परत आला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"कुठली?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

तिने पिशवीतून उरलेली हिरवी फीत काढली आणि त्यांच्या मनगटाला बांधली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरही सासऱ्यांनी ती सोडली नाही.