चार कड्यांची फ्रेम

"अवो, ह्याची वरची बाजू कोनती?" गिरजाबाईंनी हातातला फोटो एकदा फिरवला, पुन्हा फिरवला आणि शेवटी नवऱ्यासमोर धरला.

डोमाजींनी काच कापणं थांबवलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला. फोटोत दहा माणसं होती. आठ पुरुष, दोन बाया. यंत्रांनी गच्च भरलेल्या एका अरुंद खोलीत दाटीवाटीनं जमून सगळी हसत होती. पण सगळी एकाच दिशेनं सरळ उभी नव्हती. काहींची डोकी वर, काहींची खाली, एक टकला गृहस्थ डावीकडून आडवा घुसलेला, तर एक बाई उजवीकडून.

"मांगं लिहून असन पाय."

"लिहून आहे. दोन देशायचे लोक वर भेटले, तवाचा फोटो म्हनते."

"वर कुठी?"

"आभाळात! अजून कुठी?"

आलापल्लीच्या बसस्टँडसमोर डोमाजींचं फ्रेमचं दुकान चौतीस वर्षं चालू होतं. लग्नातली जोडपी, देव, बुद्ध, बाबासाहेब सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. पण सर्वांत जास्त फोटो आले ते नुकत्याच गेलेल्या माणसांचे. घरचे लोक रडवेल्या डोळ्यांनी फोटो देऊन जायचे. डोमाजी तो काचेत बसवायचे, मागे कडी ठोकायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी स्वतः भिंतीला लावून बघायचे. फोटोतलं माणूस तसूभरही कललेलं त्यांना खपत नसे.

आता मात्र फोटो मोबाइलमध्येच राहू लागले होते. ज्यांना फ्रेम हवी ते चंद्रपूरहून तयार फायबरची आणत. नागपूरला नोकरी करणारा मुलगा निकेश दर फोनवर "बाबा, आता बस करा" म्हणायचा, आणि महिनाअखेरीस दुकान बंद करायचं डोमाजींनी कबूलही केलं होतं. तेवढ्यात शाळेतल्या विज्ञानाच्या रुपाली मॅडम अकरा फोटो घेऊन आल्या. शुक्रवारी शाळेत अंतराळावरचं प्रदर्शन होतं.

शेवटचं काम म्हणून डोमाजींनी फायबरला हातच लावला नाही. फर्निचरवाल्याकडून सागवानाच्या पट्ट्या आणल्या, घासून गुळगुळीत केल्या. एकेक फोटो काचेखाली जाताना ते त्याच्याकडे बघत राहत. दोरीचा आधार न घेता काळोखात एकटाच तरंगणारा माणूस, त्याच्या पायाखाली निळी पृथ्वी. खिडकीशी टेकून ती पृथ्वी बघणारी बाई. दंडावर तिरंगा लावलेला आपला एक माणूस.

"गिरजे, एकालेबी हार घालाचा नाई," ते खुशीत म्हणाले. "सारे हसून राह्यले पाय!"

दहा फ्रेमा झाल्या. अडला तो हा अकरावा.

डोमाजींनी फोटो पिशवीत घातला आणि सायकलनं शाळा गाठली. रुपाली मॅडम वऱ्हांड्यात वह्या तपासत होत्या.

"मॅडम, ह्याले कडी कुठी लावू?"

मॅडम हसल्या. त्या वरोऱ्याच्या, गप्पांत त्यांची बोली चटकन गावाकडे वळायची. "काका, तिथी वर-खाली नसतेच. सारे तरंगून राह्यले. ज्याले जसं जमलं तसा तो आला फोटोत."

"मंग झोपते कसे?"

"भिंतीले पिशवी बांधतेत अन् तिच्यात शिरतेत. उभं झोपलो का आडवं, काही समजत नाई."

डोमाजींनी फोटो वऱ्हांड्याच्या भिंतीला लावून धरला. मग म्हणाले, "थे ठीक आहे. पन भिंत तं आपल्या शाळेची आहे न, मॅडम? तिले वर-खाली आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मंग तुमीच ठरवा, काका."

डोमाजी घरी येऊन जेवायला बसले तेव्हा गिरजाबाईंनी निकाल दिला, "ह्यायले सरळ ठेवलं का थे लटकते. थ्यायले ठेवलं का हे. जाऊ द्या, लावा कशीबी."

"कशीबी? चौतीस वर्सात कोनाले उलटं नाई टांगलं मी."

दुपारी त्यांनी फोटो काचेत बसवला आणि मागच्या फळीला एका बाजूला कडी ठोकली. थांबले. फ्रेम फिरवून दुसरी ठोकली. मग तिसरी आणि चौथी. चारही बाजूंनी भिंतीला लावून बघितली आणि मगच कागदात गुंडाळली.

शुक्रवारी मुख्याध्यापक वामनराव सर सकाळपासून हॉलमध्ये फिरत होते. फीत कापायला शाळा समितीच्या अध्यक्ष बायनाबाई यायच्या होत्या. त्या पोचायला पाच मिनिटं असताना सर अकराव्या फोटोसमोर खिळून राहिले.

"डोमाजी, हे काय? उलटा लावलात!"

डोमाजींनी फ्रेम काढून फिरवली.

"आता हे दुसरे उलटे झाले!"

पुन्हा फिरवली. टकला गृहस्थ सरळ झाला आणि बाकीचे नऊ जण कुठे कुठे गेले. सरांनी रुमालानं मान पुसली. "शेवटचं काम म्हणून चेष्टा करता का आमची?"

ते शब्द डोमाजींना लागले. त्यांनी फ्रेम पालथी केली आणि चारही कड्या दाखवल्या. "चेष्टा नाई, सर. ह्यायच्यातला एकबी उलटा नाई. पन आपल्याले तसं दिसते, म्हनून ज्याले त्याले पाळी ठेवली. हप्ताभर हा सरळ, हप्ताभर थो."

बायनाबाई दाराशी येऊन केव्हाच उभ्या होत्या. धानाच्या बांधावरून थेट आलेल्या. पायाला चिखल वाळलेला. फीत तशीच ठेवून त्या फोटोजवळ आल्या आणि उजवीकडच्या आडव्या बाईवर बोट ठेवलं.

"हे बाईबी वरच राह्यते काय?"

"राहत होती, बाई," मॅडम म्हणाल्या. "चांगली शिकलेली. यानातून गेली."

"इतक्या दूर गेली अन् तिले आडवी काऊन ठेवली? पह्यली पाळी तिची लावा."

हॉलमध्ये हसू फुटलं. पोरी टाळ्या वाजवू लागल्या. वामनराव सरांनी आधी ओठ घट्ट मिटून बघितले, पण तेही हसलेच. डोमाजींनी फ्रेम उचलली, तिसऱ्या कडीवर टांगली, दोन पावलं मागे सरून डोळा बारीक केला आणि केसभर सारखी केली. मग बायनाबाईंनी फीत कापली.

डोमाजी निघाले तेव्हा सर त्यांच्यामागे फाटकापर्यंत आले. "डोमाजी, ते फिरवायचं काम आमच्यानं राहून जाईल. दर सोमवारी तुम्हीच येत जा."

महिना संपला. दुकानाचं शटर खाली आलं आणि त्यावरची पाटी डोमाजींनी स्वतः उतरवली. तो रविवार त्यांनी अंगणात नुसता बसून काढला. गिरजाबाईंनी दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो गार झाला.

सोमवारी मात्र ते इस्त्रीचा सदरा घालून प्रार्थनेआधीच शाळेत हजर होते. नळावर हात धुतले, फ्रेम उतरवली, काच पुसली. या हप्त्यात टकल्या गृहस्थाची पाळी होती.

"या भाऊ," ते हळूच म्हणाले आणि त्याला सरळ केलं.

घंटा झाली. सातवीचा वर्ग त्याच हॉलमध्ये भरला आणि मॅडम फळ्यावर पृथ्वी काढू लागल्या. डोमाजी निघाले, दारात घुटमळले. सातवीत असतानाच त्यांची शाळा सुटली होती.

"काका, बसता काय?" मॅडमनी वळून विचारलं.

त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, मागच्या बाकावर कडेला जागा केली आणि दोन्ही हात बाकावर ठेवून फळ्याकडे बघत बसले.