वेशीच्या दरवाजाचे तेलकट खिळे

मित्रांनो, मी कृष्णाकाठच्या एका तटबंदीच्या गावाचा जुना दरवाजा आहे. माझी सागवानी कवाडं घडवली तेव्हा हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोहारांनी त्यांवर वीतभर लांब खिळे ठोकले. हत्ती काही आला नाही. तो दिसतो तरी कसा, याचं मला अजून कुतूहल आहे.

पूर्वी मला दिवेलागणीला लावत, पहाटे उघडत. पुढे तट ढासळला आणि माझं कामच संपलं. एक रीत तेवढी राहिली. फौजेत निघालेला गडी माझ्या एका खिळ्याला तेल लावून जातो. तो परत येईपर्यंत त्याची आई दर शनिवारी त्याच खिळ्याला तेल घालते. परतल्यावर तो स्वतः ते पुसतो.

एकाहत्तर साली सयाजी फौजेत गेला. त्याची आई हरणाबाई वाटी घेऊन येऊ लागली. लढाई संपली, पण सयाजीचं पत्र येईना.

त्यातच उसाचा एक ट्रक माझ्यात अडकला. कवाडं कुजलीत, काढून टाका, असं गावात ठरलं. कोंडीबा सुतार पटाशी घेऊन आला, त्याच दिवशी सांगलीच्या शाळेची सहल मला बघायला आली होती. एका मुलीने विचारलं, "त्रिशलाबाई, थोडेच खिळे का चमकतात?"

बाईंना ठाऊक नव्हतं. तेलाची वाटी घेऊन आलेली हरणाबाई पुढे झाली. "ह्यो माझ्या सयाजीचा. भावजी, त्यो येस्तवर कवाडाला हात लावू नका."

"आवं वैनी, कुजलेलं लाकूड कुनासाठी थांबतंय व्हय?" म्हणत कोंडीबाने पटाशी टेकवली. खालच्या फळीतून भुसा पडला. तेलकट खिळ्यांजवळ मात्र पटाशी शिरेना. त्याने पुन्हा ठोकून बघितलं.

"लय तेल प्यालंय की हे. दगडावानी झालंय."

"मग आता?" मुलीने विचारलं.

"आता काय? खालच्या फळ्या तेवढ्या बदलतो. एवढ्या आयांनी राखलेलं मी मोडू व्हय?"

शिमग्याला सयाजी आला, लंगडत. इतके दिवस तो इस्पितळात होता. रीतीप्रमाणे त्याने आपल्या खिळ्याचं तेल पुसलं. मग शेजारच्या गंजक्या खिळ्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "आये, ह्यांचं कोन न्हाई का गं?"

हरणाबाईने वाटी पुढे केली. हात पोचेल तिथवर त्याने सगळ्यांना तेल लावलं.

मित्रांनो, मला बघायला जरूर या. खडूने नावं मात्र लिहू नका. वरच्या खिळ्यांपर्यंत अजून कुणाचा हात पोचलेला नाही. येताना बोटभर तेल आणि एखादा उंच माणूस सोबत आणा.