आहेर आणू नये

लग्नपत्रिकेत खाली बारीक अक्षरांत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ती ओळ कुणी मनावर घेत नाही. ती लोकांसाठी असते, घरच्यांसाठी नसते, आणि नवरीच्या मामासाठी तर नसतेच नसते. मामाचा आहेर माइकवरून पुकारतात. कुणी काय आणलं ते अख्खा मांडव ऐकतो आणि पुढं वर्षभर चघळतो.

माझ्या नणंदबाई, नकुशी आक्का, पाटसला दिलेल्या. तिसरी मुलगीच झाली म्हणून आजीनं हे नाव ठेवलं, आणि त्यांच्या पाठीवर माऊली झाले, म्हणजे माझे मालक. आक्कांच्या अंकिताचं लग्न ठरलं आणि पत्रिका हातात आली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी हप्त्यांची वही काढली.

कारण सांगते. आमच्या घरात एके काळी वस्तूंपेक्षा हप्ते जास्त होते. गाडीचा, फ्रीजचा, वरच्या खोलीच्या स्लॅबचा. ते भरायला मी बायकांच्या गटातून आणखी एक कर्ज काढलं, स्वतःला फार हुशार समजून. गटाचा नियम असा, की एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या दारात बसणार. एकदा त्या माझ्या दारात बसल्या. रोज वाटीभर साखर न्यायला येणाऱ्या शेजारणी! त्यांना चहा करून दिला, तोही उसन्या दुधाचा. त्या दिवशी मी ठरवलं, आता बास.

हे रांजणगावला कंपनीत आहेत. पगार झाला की आधी हप्ते बाजूला, मग किराणा, मग उरलं तर बाकीचं. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं. पोरीच्या वाढदिवसाचा चौकात लागणारा फ्लेक्स बंद केला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. ब्लाउज शिवायला घेतले. एकेक कर्ज मिटलं की घरात शिरा व्हायचा, एरवी तुपाच्या डब्याला हात नाही. अशी तीन कर्जं मिटली. राहिलं फक्त गटाचं, तेही दिवाळीला संपणार होतं.

आणि नेमकं तेव्हाच हे जेवताना म्हणाले, "अंकिताला कानातलं तरी घालावं लागंल. सराफ ओळखीचा हाय. दिवाळीपतुर थांबतो म्हणतोय."

"म्हंजी दिवाळीला सुटणार, आन् त्याच दिवशी परत अडकणार?"

"मग काय रिकाम्या हातानं उभा राहू तिच्या पाठीमागं? मामा हाय मी."

माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते आता सांगत बसत नाही. यांनी ताट सारलं आणि उठून गेले. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. चांगल्या माणसाशी भांडलं की आपणच वाईट ठरतो, आणि माझा नवरा चांगला आहे हीच माझी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या कामाला हातभार लावते असं सांगून मी एसटीत बसले. न्हावरा गेलं, चौफुला आलं, तिथून पाटसची गाडी धरली. काय बोलायचं ते वाटेत सारखं घोकत होते. आक्कांच्या अंगणात कुरडयांचा घाट घातलेला. गल्लीतल्या बायका जमलेल्या. मला बघताच आक्कांनी गव्हाच्या गरम चिकाची वाटी हातात दिली, वर दूध-साखर. "आधी खा, मग बोल," म्हणाल्या.

एक घास घेतला आणि घोकलेलं सगळं विसरले. चारचौघींत भसकन बोलून गेले, "आक्का, आमच्याच्यानं आहेर हुणार न्हाई."

बायकांचे हात थांबले. आक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला गोठ्यामागं नेलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

"पत्रिका वाचलीस व्हय गं?"

"वाचली की."

"खालची वळ?"

"ती काय, समदेच छापत्यात."

"समदे छापत्यात. म्या भांडून छापली. तुझे दाजी न्हाईच म्हणत हुते. म्हणले, पाव्हणे हसतील. म्या म्हणलं, हसू द्या. ती वळ गावासाठी न्हाई, राजश्री. तुम्हा दोघांसाठी हाय."

इतकी साधी गोष्ट, बाईनं सरळ छापून घरी पाठवलेली, आणि आम्ही दोघं तिच्यावरून नवरा-बायको असून वैऱ्यासारखं भांडलो होतो. मला तिथंच रडू फुटलं.

"रडतीस कशाला? मोकळ्या हातानं या. कानातलं आणलं तर मांडवातनं माघारी धाडीन, सांग त्याला."

मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "तसं म्हणायचंच असतंय." मग मीच फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून आक्का काय बोलल्या देव जाणे, पण हे नुसतं "बरं, बरं" करत राहिले. सराफाकडं गेले नाहीत. मात्र लग्नापर्यंत त्यांना घास गोड लागला नाही.

लग्नाच्या दिवशी हे मंगलाष्टकांना अंकिताच्या पाठीमागं उभे राहिले. तिचा ब्लाउज मी शिवलेला होता, पण शिलाईला आहेर कोण म्हणतं? अक्षता पडल्या आणि माइकवर पुकारा सुरू झाला. नवरदेवाच्या चुलत्यांकडून कपाट. आत्याकडून फ्रीज. कुणाकडून पैंजण, कुणाकडून पाकीट. मग निवेदक म्हणाला, "आता नवरीचे मामा, शिरूरचे माऊली..." आणि कागद खालीवर करत थांबला. यांची मान खाली गेली. मी जवळ जाऊन त्यांची बाही धरली. काय करायचं ते मलाही कळत नव्हतं.

आक्का स्टेजवर चढल्या आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. जन्मात कधी माइक धरला नव्हता.

"मामाचा आहेर मी सांगती. माझ्या लग्नाला आमच्या वडलांनी कर्ज काढलं हुतं. वडील गेले आन् ते ह्या पोराच्या डोक्यावर आलं. कालेज सोडून त्यानं ते फेडलं. कवा कुणाला बोलला न्हाई, म्हणून आज मी बोलती. त्यो आहेर मला आजपतुर पुरलाय. आता त्याच्याकडनं घ्यायचं काय राहिलं न्हाई."

मांडवातले पाव्हणे एकमेकांकडं बघायला लागले. निम्म्यांचे आहेर उधारीवरच आलेले असणार, हे मी पैजेवर सांगते. मग मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. अंकिता वळली आणि मामाच्या पाया पडली. हे तिला उठवायचं सोडून तोंडावर रुमाल धरून उभे.

कॉलेज का सोडलं, असं मी लग्न झाल्यावर यांना विचारलं होतं. "अभ्यासात डोकं नव्हतं," एवढंच म्हणाले होते. मी ते खरं धरून चालले होते.

दिवाळीत गटाचा शेवटचा हप्ता भरला. त्याच शेजारणी त्याच दारात बसल्या, पण या वेळी चहा आमच्या दुधाचा होता. भाऊबीजेला आक्का आल्या, यांना ओवाळलं. यांनी ताटात पैसे टाकले. आक्कांनी ते उचलले नाहीत, आधी भावाकडं रोखून बघितलं.

"कुणाकडनं आणलंस?"

"कुणाकडनंच न्हाई, आक्का. पगारातलं उरलं."

पगारातलं उरलं! हे शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारत होतं. आक्कांनी पैसे कपाळाला लावले आणि कनवटीला खोचले. देवाचे उपकार मी मानतेच, पण या बाईचे आधी मानते. मी स्वयंपाकघरात गेले, शिरा परतायला घेतला आणि परतता परतता पोटभर रडून घेतलं. तूप मात्र त्या दिवशी हात सैल सोडून घातलं.