रखमीच्या कनवटीची डबी

मित्रांनो, मी पितळेची एक लहानशी, जुनी डबी आहे. माझ्या पोटात मशेरी असायची. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजून त्याची पूड केली की ती झाली मशेरी. तुमच्या आजीने कधी ती दातांना लावली असेल, तर तिचा उग्र वास तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या या हकिकतीत माझा मत्सर फार आहे. तो लपवून सांगितले, तर हकिकत खरी होणार नाही.

पितळी पत्र्याचा एक तुकडा यंत्राखाली दाबला, त्याला झाकण आणि बारीकशी बिजागरी बसवली आणि मी तयार झाले. डहाणूच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात मी तांब्यांच्या मागे बरेच दिवस पडून होते. मग एके दिवशी चिखले गावची रखमी आली. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते. तिने माझे झाकण दोनदा उघडले, दोनदा मिटले आणि म्हणाली, "हीच द्या. हिचा आवाज छान येतो."

त्या दिवसापासून मी तिच्या कनवटीला राहिले. सकाळी उठली की ती आधी मला उघडायची. चिकूच्या वाडीत कामाला गेली, की जेवणानंतर पुन्हा एकदा. बोटावर चिमूटभर पूड घेऊन ती दातांवर आणि हिरड्यांवर सावकाश घासत बसायची. सोबतच्या बायका म्हणायच्या, "रखमी एक वेळ भाकरी विसरेल, डबी नाही विसरणार." ते ऐकून मला अभिमान वाटायचा. तेवीस वर्षे माझ्याइतके तिच्याजवळ दुसरे कुणीच नव्हते.

मग तिची मुलगी शितल एक ब्रश घेऊन आली.

शितल तलासरीला वसतिगृहात राहून शिकत होती. सुट्टीत घरी आल्यावर ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तुझे दात लांब दिसायला लागलेत."

"वय झालं माझं."

"वयाने दात वाढत नाहीत. हिरड्या मागे सरकल्यात तुझ्या. तोंडाला वासही येतो. आमच्याकडे दातांच्या डॉक्टर आल्या होत्या, त्यांनी हे सगळं सांगितलं."

तिने पिशवीतून निळा, मऊ ब्रश काढला आणि खिडकीतल्या पेल्यात उभा केला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याच्यावर ऊन पडायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "नवीन आणला का?" मी मात्र लुगड्याच्या घडीत, अंधारात. कालचा आलेला तो, आणि रखमी सकाळी आधी त्याला हात लावू लागली. मी आतल्या आत जळत होते.

तिसऱ्या दिवशी ब्रश करताना ती थुंकली, तर थुंकी लाल होती. ती घाबरली. "मशेरीने कधी रक्त आलं नाही," असे पुटपुटत तिने ब्रश वळचणीला खोचून टाकला आणि मला उघडले. मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद आठवला, की आज शरम वाटते. ब्रशने तिला जखम केली, असे मी ठामपणे धरून बसले.

शितल परत तलासरीला गेली. पुढे काही महिन्यांत रखमीच्या दातांत घास अडकू लागला. खालचे दोन दात हलू लागले. सकाळी तोंडात खारट चव यायची. दुखले की ती थोडी जास्त मशेरी लावायची, म्हणजे तेवढ्यापुरते बधिर व्हायचे. आता ती मला दिवसातून सहा-सात वेळा उघडू लागली. मला वाटले, तिची माया वाढली.

एके दुपारी ती वाडीत चिकू खात होती. दाताखाली बी आली असे समजून तिने ती तळहातावर काढली. पाहते तो एक काळी बी आणि शेजारी तिचा स्वतःचा दात. फार दुखलेही नव्हते. ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग तिने शितलला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी डहाणूला दातांच्या डॉक्टर निलम यांच्या दवाखान्यात गेल्या. मी कनवटीला होतेच. डॉक्टरांनी खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घातली.

"निरोगी हिरडीत ही दोन-तीन मिलिमीटर जाते. तुमच्या इथे सात जातेय."

"पण बाई, मला रक्त कधी आलंच नव्हतं. ब्रशनं आलं."

"रखमीताई, तंबाखूने हिरडीतला रक्तपुरवठा कमी होतो. आत सूज असली तरी रक्त फारसं दिसत नाही. ब्रशने आजार केला नाही. लपलेला आजार त्याने दाखवला."

माझे पितळ जणू एकाएकी गार पडले. तेवीस वर्षे ज्याचा मी गर्व केला, तेच तिला फसवत होते.

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "वरवरची सफाई मी करते. पण आत्ता काढलेल्या एक्स-रेत दातांभोवतीचं हाड झिजलेलं दिसतंय. आता हिरड्यांच्या तज्ज्ञांनाच दाखवायला हवं. डॉक्टर विपुल दर गुरुवारी तलासरीला येतात. आणि रक्तातली साखरही तपासून घ्या, तिचा हिरड्यांशी संबंध असतो."

गुरुवारी तलासरीला डॉक्टर विपुल यांनी सगळे तपासले आणि विचारले, "मशेरी किती वेळा लावता?"

रखमीचा हात कमरेकडे गेला. "सुटायची नाही ती, डॉक्टर."

"एका दिवसात सुटेल असं मी म्हणत नाही. पण ती चालू राहिली, तर माझे उपचार टिकणार नाहीत. गेलेलं हाड परत भरून येणं अवघड आहे. उरलेलं मात्र राखता येईल."

तरी तिने मला काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. निघताना मला परत उचलले, पण घरी कनवटीऐवजी फळीवर ठेवले.

हिरडी बधिर करून आतून सफाई करायला तिला चार खेपा लागल्या. एका बाजूला छोटी शस्त्रक्रिया झाली. आणखी एक दात काढावा लागला, बाकीचे सावरले. घरी मात्र तिचे हाल झाले. डोके दुखायचे, चिडचिड व्हायची. दोनदा तिने मला फळीवरून उतरवून तळाची पूड बोटाने खरवडली आणि दोन्ही वेळा मी सुखावले. त्यानंतर एका सकाळी तिने मला चिंचेने घासले, धुतले आणि रिकामीच फळीवर ठेवले. ब्रश पुन्हा पेल्यात आला.

परवा काळी नावाची शेजारीण घरी आली. तिची नजर माझ्यावर गेली. "तुला नको असेल तर ती डबी मला दे."

कुणीतरी मला मागत होते! मला वाटले, रखमीने आत्ताच्या आत्ता मला तिच्या हातात द्यावे.

"आधी तोंड बघू तुझं," रखमी म्हणाली. तिने काळीला अंगणात उजेडात नेले आणि तिचा ओठ वर उचलला. "इथे दाबलं की पू येतो?"

"कधी कधी. होळीपासून."

"मग गुरुवारी माझ्याबरोबर तलासरीला चल."

"आणि डबी?"

"डबी नाही देणार."

मला रखमीचा राग आला. पण तोंड मिटताना काळीने दुखून डोळे घट्ट मिटले, ते मला उघड्या दारातून दिसले. मग मी कुणाच्याही कनवटीला नाही, हेच बरे वाटले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, मागे सरकल्या, ब्रश करताना रक्त आले किंवा तोंडाचा वास जाईना, तर त्यांना दातांच्या डॉक्टरकडे न्या. पू येत असेल, दात हलत असेल, तर मुळीच थांबू नका. डॉक्टर तज्ज्ञांकडे पाठवतील, तेव्हा टाळाटाळ करू नका. आणि रक्त दिसत नाही म्हणून माझ्यासारखीवर विश्वास ठेवू नका.

आज गुरुवार आहे. रखमी आणि काळी सकाळीच रिक्षाने गेल्या. घरात मी आणि ब्रश दोघेच आहोत. मला त्याचा हेवा अजून वाटतो, खोटे कशाला बोलू? पण आता रखमी परतेल, हातपाय धुईल, रात्रीचे जेवण झाल्यावर खिडकीकडे जाईल आणि त्यालाच हात लावेल, याची मी वाट पाहत आहे.