मालकिणीच्या नावे

मयूराने गॅरेजच्या थंडगार फरशीवर गुडघे टेकले, बॉयलरचं रीसेटचं बटण दाबून धरलं आणि श्वास रोखला. आत टिकटिक झाली. निळी ज्योत उमटली, थरथरली आणि विझली. सकाळपासूनची ही सातवी खेप.

घरात उघडणाऱ्या दारात स्पृहा उभी होती. शाळेच्या युनिफॉर्मवर बाबाचं जॅकेट, डोक्यावर लोकरीची टोपी.

"डिड इट वर्क, आई?"

"नाही गं. आज टोपी घालूनच ब्रेकफास्ट कर."

स्पृहा खोकत आत गेली. पंधरा दिवस झाले होते त्या खोकल्याला.

कॅनबेराच्या गुंगालिन भागातल्या त्या घरात हीटिंग म्हणजे हा एकच बॉयलर. गॅसवर पाणी तापवायचं आणि भिंतींवरच्या पांढऱ्या पॅनेलमधून खोल्याखोल्यांत फिरवायचं, एवढंच त्याचं काम. गेल्या हिवाळ्यात तो कुरकुरत का होईना, चालायचा. या जूनमध्ये त्याने मानच टाकली होती. बाहेर उणे चार होतं.

तिने नरेंद्रकाकांना फोन लावला.

"अगं, जुनं मशीन आहे, त्याच्या कलाने घ्यावं लागतं," काका म्हणाले. "जरा वेळाने परत दाब बटण."

"काका, प्लंबर पाठवता का?"

"प्लंबर काय, नवीनच बसवा म्हणणार. एखादा स्वेटर जास्त घाला. आम्ही इथे आलो तेव्हा हीटिंग होतं कुठे?"

तिने फोन ठेवला. काकांना कोणीच काही म्हणत नसे. कॅनबेरातल्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द चाले. ॲडलेडला युनिव्हर्सिटी संपवून शंतनू आणि ती इथे आले, तेव्हा ओळखपाळख नसताना हे घर त्यांनीच भाड्याने दिलं होतं. शंतनूचं पहिलं कॉन्ट्रॅक्टही त्यांनी टाकलेल्या शब्दावर मिळालं होतं. म्हणून तीन वर्षं गळका नळ शंतनूने स्वतःच बांधला होता आणि खिडकीच्या फटीत मयूराने जुन्या ओढण्या कोंबल्या होत्या.

दुपारी मात्र तिने स्वतःच प्लंबर बोलावला. पांढऱ्या दाढीचा तो माणूस बॉयलरसमोर बराच वेळ वाकून बसला. मग त्याने गॅसचा कॉक बंद केला आणि त्यावर लाल चिठ्ठी बांधली.

"याचा विषारी धूर बाहेर जात नाहीये," तो म्हणाला. "हा पुन्हा पेटवायचा नाही. पेटला तरी नाही."

तो गेल्यावर मयूरा पायरीवर बसून राहिली. सकाळी सात वेळा दाबलेलं बटण तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या वेळी घरात उघडणारं दार सताड उघडं होतं, आणि त्या दारात स्पृहा.

तिने काकांना प्लंबरच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. संध्याकाळी काका येऊन दाराशी एक छोटा पंख्याचा हीटर ठेवून गेले. मागोमाग मेसेज आला: आपल्या माणसांत रिपोर्ट-बिपोर्ट कशाला?

"घेऊ ना चालवून," शंतनू म्हणाला. "ऑगस्टपर्यंतच्या थंडीचाच तर प्रश्न आहे."

"ऑगस्टपर्यंत हिने खोकत राहायचं?"

"आणि उद्या घर सोडा म्हणाले तर?"

"तर सोडू. पण गप्प बसून नाही सोडणार."

तिने कपाटातून भाड्याचा करार काढला. तीन वर्षांपूर्वी काकांनी बोट ठेवलं तिथे तिने सह्या केल्या होत्या, वाचला कधीच नव्हता. आज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि दुसऱ्याच पानावर ती थांबली. मालकाच्या रकान्यात नरेंद्र देवस्थळी हे नाव नव्हतंच. तिथे होतं, रेखा नरेंद्र देवस्थळी.

रेखाकाकू. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या टेबलामागे उभ्या असणाऱ्या. "अजून वाढू?" याखेरीज त्यांच्या तोंडून मयूराने फारसं काही ऐकलं नव्हतं.

तिने पत्र लिहिलं. बॉयलर धोकादायक आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे, येत्या सोमवारपर्यंत काही झालं नाही तर मी भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे अर्ज करीन. पत्रात कुठेही काकू नव्हतं, की प्लीज नव्हतं. पाकिटावर तिने मालकिणीचं नाव घातलं आणि ते रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं.

गुरुवारी काकांचा फोन आला.

"हिला कशाला मध्ये ओढलंस? घर हिच्या नावावर आहे ते नुसतं कागदापुरतं! पोस्टमनने दारात हिची सही घेतली."

"पत्र मालकाला पाठवायचं असतं, काका. मी मालकाला पाठवलं."

"मी तुम्हाला घर दिलं. शंतनूला मी..."

"ते मी विसरले नाहीये. पण हीटिंग मागणं म्हणजे उपकार विसरणं नव्हे. सोमवारनंतर मी अर्ज करतेय."

फोन ठेवून तिने शंतनूकडे पाहिलं. उठून त्याने अर्जाची प्रिंट काढली.

शनिवारी दुपारी बेल वाजली. शंतनूने दार उघडलं.

"काकू! काका गाडी लावतायत का?"

"नाही. मी ट्रॅमने आले." राखाडी कोटातल्या रेखाकाकूंच्या हातात ते पाकीट होतं.

मयूरा पुढे झाली. बसा म्हणण्याआधीच तिने सांगून टाकलं, "काकू, पत्र मी मागे घेणार नाही."

"नको घेऊस. बॉयलर कुठाय?"

गॅरेजमध्ये त्यांनी लाल चिठ्ठीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली.

"स्पृहा कुठे झोपते?"

"या भिंतीपलीकडे."

काकूंनी भिंतीवर तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"ह्यांनी मला सांगितलं, पोरं उगाच बाऊ करतात. मग मी तुझं पत्र वाचलं. तीनदा वाचलं. इंग्रजीत आहे म्हणून नव्हे. सरकारी आरोग्यविम्याचं ते मेडिकेअरचं कार्ड सोडलं, तर या देशात माझ्या नावाने दुसरं काही आलेलं मला आठवत नाही." त्यांनी पाकीट पर्समध्ये ठेवलं. "तो प्लंबर शनिवारी फोन घेतो का? लाव बरं."

मयूराने नंबर लावून दिला.

"हॅलो," काकू म्हणाल्या. आवाज सुरुवातीला बारीक निघाला. त्या खाकरल्या. "आय ॲम रेखा देवस्थळी. आय ॲम द ओनर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नो. नॉट माय हजबंड. यू टॉक टू मी. न्यू वन, येस. मंडे मॉर्निंग. आय विल बी हिअर."

त्यांनी फोन परत दिला, तोवर त्यांच्या पर्समध्ये दुसरा फोन वाजायला लागला होता. त्यांनी तो काढला, स्क्रीनवरचं नाव पाहिलं आणि आवाज बंद करून परत आत टाकला.

"काकू, चहा टाकू?" शंतनूने विचारलं.

"टाक. पण आधी मला घर बघायचंय." त्या कोटाची बटणं सोडायला लागल्या. "मी आत कधी आलेच नाही. हे इथे यायचे तेव्हा मी बाहेर गाडीत बसून असायचे."

मयूरा वाट दाखवायला पुढे झाली, पण काकू तिच्याआधीच दार ढकलून आत शिरल्या होत्या.